पिकअपच्या हौद्यात रबर मॅट की चेकर प्लेट (उठावदार नक्षीची धातूची प्लेट)?
तासगावची द्राक्षं क्रेटमधून न्यायची असतील तर रबर मॅटच. ८ मिमी जाडीची घ्या, पातळ मॅटच्या कडा लवकर वर येतात. ब्रेक दाबला तरी क्रेट सहसा सरकत नाहीत. फक्त खाली पाणी साचतं. पावसाळ्यात अधूनमधून मॅट गुंडाळून हौदा वाळवायचा. डिझेल सांडलं की रबर फुगतं, लगेच पुसा.

खडी-वाळू भरणाऱ्याला ॲल्युमिनियमची चेकर प्लेट बरी. फावडं मॅटवर अडकतं, इथे चालतं. पण फिटर घाईत ती थेट हौद्याच्या लोखंडी पत्र्यावर रिवेटने ठोकतो आणि घोळ तिथेच होतो: भोकाच्या कडेला उघडा पत्रा गंजतो, ओलाव्यात लोखंडाला टेकलेलं ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं. भोकाला आधी प्रायमर, मध्ये रबरी वॉशर, वरून सिलिकॉन. समोर उभं राहूनच करून घ्या.