पेट्रोलची नळी: निव्वळ नायट्राइल घ्यावी की पीव्हीसी मिसळलेली?

दुकानात दोन्ही काळ्याच दिसतात, हातालाही फारसा फरक लागत नाही. एक निव्वळ नायट्राइल रबराची, दुसऱ्या नळीत पीव्हीसी हे प्लास्टिक मिसळलेलं, बऱ्याचदा 70 भाग रबराला 30 भाग. आपण पाहतो ते एवढंच, की गळत नाही ना. पण रबरातून पेट्रोल जायला भोक लागत नाही. ते आतल्या बाजूने रबरात विरघळतं, साखळ्यांसारख्या लांबलचक रेणूंमधून वाट काढतं आणि बाहेर येऊन उडून जातं. एक थेंबही न गळणाऱ्या नळीचा बंद खोलीत वास येतो तो असा.

पीव्हीसी नायट्राइलमध्ये चांगलं मिसळतं. त्याने साखळ्यांची हालचाल मंदावते, नळी कमी फुगते आणि पेट्रोलही कमी झिरपतं. उन्हातान्हात तर फरक डोळ्यांना दिसतो: निव्वळ नायट्राइल वाकलेल्या जागी ओझोनमुळे बारीक भेगाळतं, मिश्रण बरंच टिकतं. इंजिनाबाहेर, उघड्यावर बसवायची असेल तर मी मिश्रणाचीच नळी घेईन. कडाक्याच्या थंडीत मात्र ती लवकर ताठरते, तिथे निव्वळ नायट्राइल बरं.

इथेनॉलचं काय? 20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये नायट्राइल साध्या पेट्रोलपेक्षा जास्त फुगतं आणि मिश्रणही यातून सुटत नाही. गाडीच्या इंधन नळीसाठी आतून फ्लोरोरबराचं (फ्लोरीन असलेल्या रबराचं) अस्तर असलेली घ्या, महाग पडली तरी.

अ‍ॅसिटोन किंवा त्याच जातीचा थिनर असेल तर दोन्ही नको. तिथे ब्यूटाइल किंवा ईपीडीएम या वेगळ्या जातीच्या रबराची नळी. पण या दोघांना पेट्रोल चालत नाही, अदलाबदल करू नका.

मिश्रणाची एक खोड आधी माहीत हवी. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात आणि पेट्रोल तो हळूहळू ओढून काढतं. खरेदीआधी नमुन्याची नाण्याएवढी चकती कापा, वजन करा, झाकणाच्या काचेच्या बाटलीत 24 तास पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा (मोकळ्या हवेत, आगीपासून लांब). टिपकागदाने पुसून लगेच पुन्हा वजन करा: वाढलं किमान तेवढं पेट्रोल आत शिरलं. मग चकती पूर्ण वाळू द्या आणि तिसऱ्यांदा तोला. वजन पहिल्यापेक्षा कमी भरलं आणि चकती कडक लागली, तर ती नळी पेट्रोल संपून कोरडी पडली की आकसणार, आणि क्लिपपाशी सैल होणार.