गाडीत धूर शिरतोय: नाकावर भरवसा, मीटर की स्मोक टेस्ट?

गेल्या पावसाळ्यात आम्ही गोव्यातल्या फोंड्याहून बेळगावला निघालो होतो. चोर्ला घाट चढताना मागे बसलेल्या आईचं डोकं धरलं, शेजारची पुतणी मळमळतंय म्हणाली. घाटात गाडी लागायचीच, म्हणून मी आवळासुपारी मागे दिली आणि चालवत राहिलो. पुढे बसलेल्या आम्हा दोघांना काहीच होत नव्हतं. माथ्यावर चहाला अर्धा तास थांबलो, दोघींना बरं वाटलं. परत गाडीत बसलो, वळणं संपून सरळ रस्ता लागला, तरी पुन्हा तेच. गाडी लागली असती तर ती वळणांवर लागली असती. हा त्रास फक्त मागच्या सीटवर होता.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. स्वच्छ हवेत बसलं तरी रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. म्हणजे सकाळी जाऊन दुपारी परत फिरलात, तर सकाळचा उरलेला अंगात असतानाच दुपारचा भरतो. म्हणून असा संशय आला की आधी सगळ्या काचा खाली घ्या, डिकी नीट बंद आहे ना ते पाहा, आणि दोष सापडेपर्यंत त्या गाडीत मुलांना झोपवून नेऊ नका.

दोष शोधायला तीन वाटा आहेत: स्वतःचं नाक-कान, कार्बन मोनॉक्साइडचा मीटर आणि गॅरेजमधली स्मोक टेस्ट. कोणती आधी निवडायची हे गाडी पेट्रोलची की डिझेलची आणि धूर पुढून शिरतो की मागून, यावर ठरतं. पुढून की मागून हे घरच्या घरी कळतं.

एसीचं एक बटण

डॅशबोर्डवर बाहेरची हवा आत घेण्याचं आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण असतं. बाहेरची हवा बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून येते, म्हणजे इंजिनाला लागूनच. बाहेरची हवा चालू केल्यावर वास वाढला, आणि गाडी उभी असतानाही येत राहिला, तर दोष पुढे आहे: मॅनिफोल्डचं (म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाचं) गॅस्केट, तिथली चीर, किंवा पाइपचा पहिला जोड.

मागचा दोष उलट वागतो. धावत्या हॅचबॅकच्या किंवा एसयूव्हीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरच्या नळीतून निघालेला धूर गाडीच्या पाठीशी घुटमळतो. अशा वेळी मागची काच थोडी उघडी असली की आतली हवा तिथून ओढली जाते आणि डिकीच्या फटीतून धूर आत येतो. वेग पन्नास-साठवर गेल्यावर, आतली हवा फिरत असताना त्रास वाढला आणि ब्लोअरने बाहेरची हवा जोरात घेतल्यावर कमी झाला, तर डिकीकडे बघा. ब्लोअर आत थोडा दाब तयार करतो आणि फटीतून येणारी हवा परतवतो. आमच्या गाडीत हेच होतं. पावसामुळे काचा बंद होत्या आणि मी तासभर आतलीच हवा फिरवत होतो.

ही चाचणी मोकळ्या रस्त्यावर करा. उसगाव-साखळी भागात ट्रकच्या मागे राहून केलीत, तर ट्रकचा धूर स्वतःच्या गाडीच्या माथी माराल.

मीटर: पेट्रोलला उत्तम, डिझेलला फसवा

मीटर घेताना लोक घरात लावायचा अलार्म घेतात, तिथेच चुकतं. अमेरिकेच्या यूएल २०३४ या मानकाप्रमाणे बनलेला अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) वाजायला एक ते चार तास घेतो, १५० ला दहा ते पन्नास मिनिटं. फोंडा ते पणजी तुम्ही पाऊण तासात पोचता, तोवर तो गप्पच राहू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची एका तासासाठीची मर्यादा घनमीटरला ३५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे साधारण ३० पीपीएम. त्यामुळे लहान आकडासुद्धा पडद्यावर दाखवणारा मीटरच घ्यावा. आधी मोकळ्या हवेत त्याचा आकडा बघा, मग मागच्या सीटवर नाकाच्या उंचीला धरा.

पेट्रोल गाडीतही वेळ महत्त्वाची आहे. इंजिन थंड असताना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करत नाही, म्हणून सुरुवातीच्या काही मिनिटांत कार्बन मोनॉक्साइड सर्वाधिक असतो. कन्व्हर्टर तापला की त्याच्या नंतरच्या पाइपातून गळणाऱ्या धुरात तो बराच कमी राहतो. गळती कन्व्हर्टरच्या आधी, मॅनिफोल्डपाशी असेल, तर गरम इंजिनातही आकडा चढतो. म्हणून मीटर सकाळी पहिल्या स्टार्टला आणि अर्ध्या तासाने, असा दोनदा बघा.

डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड मुळातच कमी. नाक चुरचुरतं, डोळे झोंबतात, आणि मीटर शून्य दाखवतो. त्या शून्यावर विसंबू नका. काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हा मीटर मोजतच नाही.

आणखी दोन ठिकाणी खोटा दिलासा मिळतो. कोविडपासून घराघरांत असलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालाच समजतो आणि ९८ दाखवतो. दुसरा दिलासा पीयूसीचा. ती चाचणी नळीच्या टोकाशी होते. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला तिथे ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो, म्हणजे ३००० पीपीएम. गाडी पीयूसी पास आहे याचा केबिनच्या हवेशी संबंध नाही.

स्मोक टेस्ट कधी

बंद, थंड इंजिनाच्या सायलेन्सरमधून यंत्राने हलक्या दाबाचा पांढरा धूर भरतात; जिथे फट असेल तिथून तो बाहेर येतो. मॅनिफोल्डची चीर शोधायला याहून चांगली पद्धत नाही, कारण ती चीर अनेकदा थंड असताना उघडी असते आणि तापून पसरली की मिटते. म्हणून गाडी रात्रीच गॅरेजात ठेवायला सांगा. चालवत नेऊन लगेच टेस्ट केली, तर काही सापडणार नाही आणि पैसे जातील.

डिझेलमधला एक नेहमीचा दोष मात्र या यंत्राला दिसत नाही: इंजेक्टरखालचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाखालचा) तांब्याचा वॉशर. तो गेला की सिलिंडरमधला धूर इंजेक्टरच्या बाजूने वर येतो आणि जाळीतून थेट एसीत शिरतो. इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर आणि थंड इंजिनाला चुक-चुक आवाज, ही त्याची खूण. तिथे साबणाचं पाणी टाकून इंजिन चालू करा, बुडबुडे येतील. इथे यंत्रापेक्षा साबण सरस.

मागचा दोष शोधायलाही यंत्राची गरज नसते. मोकळ्या जागेत थंड गाडी सुरू करून जाड ओल्या कापडाचा बोळा हातमोजा घालून नळीवर दोन-तीन सेकंद धरा. फुटका सायलेन्सर फुसफुसतो. डिकीच्या रबरात कागदाची पट्टी धरून डिकी लावा आणि पट्टी ओढा. जिथे ती सहज निसटते तिथे रबर मेलं आहे. मागचा बंपर कधी बदलला असेल तर त्याच्या आड असलेल्या हवेच्या झडपा आणि टेललाइटची गॅस्केटं पुन्हा बसवली होती का, तेही पाहा. आपल्याकडची खारी हवा सायलेन्सर बाहेरून खाते, आणि म्हापसा-पर्वरीसारख्या लहान फेऱ्यांत आत साचलेलं पाणी उडून जात नाही, ते आतून खातं.

थोडक्यात सांगायचं तर पेट्रोल गाडी आणि मागचा दोष असेल, तर बोळा, कागदाची पट्टी आणि सायलेन्सरवाला पुरे. पेट्रोल आणि पुढचा असेल, तर मीटर, मग स्मोक टेस्ट. डिझेल असेल, तर मीटरचे पैसे वाचवा आणि आधी इंजेक्टर बघा.

पहिल्या गॅरेजने आमचा केबिन फिल्टर बदलून दिला होता. दुसऱ्या मेकॅनिकने बोळा धरला, सायलेन्सरची शिवण फुटलेली सापडली, आणि डिकीचं रबरही एका कोपऱ्यात गेलेलं. सध्या रबर बदलू, सायलेन्सर पुढच्या महिन्यात, असं तो म्हणाला. मी क्रम उलटा करायला सांगितला. नुसतं रबर बदललं असतं तर धूर गाडीखाली साचतच राहिला असता, आणि जुवारी पुलाआधीच्या रांगेत उभं असताना दुसऱ्या कुठल्या फटीतून आत आला असता.