रत्नागिरीतला एअर रेग्युलेशनचा क्लास: शिकवणं एक नंबर, नोट्स मात्र सुधारा

मुलीला सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स करायचंय म्हणून बारावीनंतर रत्नागिरीतल्या एका छोट्या क्लासला घातली, डीजीसीएच्या (देशाच्या विमान वाहतूक नियामकाच्या) एअर रेग्युलेशन, म्हणजे हवाई नियमांच्या पेपरची तयारी करून घेतात, पालकांना मागे बसू देतात त्यामुळे मीपण बऱ्याचदा बसलो. सर पूर्वी एटीसीत, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणात होते आणि ते शिकवताना लगेच कळतं.

सगळ्यात भारी झाला तो टॅक्सींगचा भाग, म्हणजे जमिनीवर चालणाऱ्या दोन विमानांत वाट कोणी कोणाला द्यायची. आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या अॅनेक्स २ या नियमावलीत हे थोडक्यात आहे. समोरासमोर आलात तर दोघांनी थांबायचं, जमत असेल तर आपापल्या उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा आहे त्याने वाट द्यायची, आणि ओव्हरटेक करणाऱ्याने लांबून जायचं. पोरं इथेच गोंधळतात कारण रस्त्यावर आपण गाडी डावीकडे घेतो. सरांनी पाठांतर न करता थेट समुद्राचे नियम काढले. बॅचमध्ये मिरकरवाड्याचा एक मुलगा आहे, घरचा ट्रॉलर आहे, तो पटकन म्हणाला, उजवीकडून बोट आडवी आली तर आमचा तांडेल (बोट चालवणारा) वाट देतो, रात्री तिचा लाल दिवा दिसतो ना. विमानाच्याही डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, म्हणजे उजवीकडून आडव्या येणाऱ्याची लाल बाजूच आपल्याला दिसणार आणि लाल दिसला की आपण थांबायचं. फळ्यावर हे काढल्यावर सगळ्या वर्गाला एका झटक्यात समजलं.

देशादेशांतला फरकपण सांगतात, जो पेपरपुरतं शिकवणारे सोडून देतात. युरोपचे सेरा नावाचे हवाई नियम जवळपास अॅनेक्ससारखेच. ब्रिटनच्या जुन्या नियमांत टो करून (गाडीने ओढून) नेत असलेल्या विमानाला टॅक्सी करणाऱ्याने वाट द्यायची असं होतं. अमेरिकेच्या वाट देण्याच्या नियमात, ९१.११३ मध्ये, टॅक्सींगसाठी वेगळं कलमच नाही, आणि तिथे कंट्रोल टॉवर नसलेले विमानतळ खूप, त्यामुळे पायलट रेडिओवर आपापसात बोलून ठरवतात. टॉवरने क्लिअरन्स (परवानगी) दिला तरी धडक टाळायची जबाबदारी पायलटचीच राहते हे सर परत परत सांगतात. स्पेनच्या टेनेरिफ बेटावर २७ मार्च १९७७ ला धुक्यात दोन जंबो एकाच रनवेवर आले, एक टेकऑफ घेत होतं, दुसरं त्याच रनवेवर टॅक्सी करत होतं, ५८३ माणसं गेली. हे सांगितलं त्या दिवशी वर्गात कोणी मोबाईलला हात लावला नाही.

आता तक्रार. छापील नोट्समध्ये समोरासमोरच्या प्रश्नाचं उत्तर ‘डावीकडे’ छापलंय! सरांनी वर्गात दुरुस्त केलं, पण जो त्या दिवशी गैरहजर तो चुकीचंच पाठ करणार, आणि ही चूक परीक्षेपुरती राहणारी नाही. ऑफिसला सांगितलं तर पुढच्या छपाईत बघू म्हणाले. अहो, एक शुद्धिपत्र झेरॉक्स करून वाटायला किती वेळ लागतो? पंखेपण कमी आहेत, मे महिन्यात हाल होतात.

फी मुंबईच्या मानाने बरीच कमी. बारावीला फिजिक्स-मॅथ्स असलेल्या मुलांना नक्की घाला, फक्त नोट्स घेतल्यावर आधी ते पान पेनाने दुरुस्त करून घ्या.