फार्मर आयडीचा अंगठा म्हणून नेलं आणि हक्कसोडपत्र करून घेतलं

ज्यांच्या सातबाऱ्यावर म्हाताऱ्या आत्याचं, मावशीचं, आजीचं नाव आहे, त्यांनी हे वाचा आणि आजच उतारा काढून बघा.

माझी मावशी पंचाहत्तरीला आलीय. ऐन तिशीत विधवा होऊन माहेरी परतली, मूलबाळ नाही. आमचं आजोळ सांगली जिल्ह्यातलं. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर मामाचं आणि तिचं नाव लागलं. माझ्या आईने आपला हिस्सा भावाला राजीखुशीने सोडला होता. मावशीने सोडला नाही, कारण तिला दुसरा आधारच नव्हता. मामा होता तोवर उसाचं बिल आलं की तिचे पैसे तिच्या हातात पडायचे. मामा गेला आणि कारभार मामेभावाकडे आला.

गेल्या वर्षी गावात फार्मर आयडीची, म्हणजे शेतकऱ्याच्या सरकारी ओळख क्रमांकाची, घाई चालली होती. मामेभाऊ म्हणाला, "आत्या, तुझाही अंगठा लागतोय, आधार घे बरोबर." गाडीत बसवून तालुक्याला नेलं ते थेट दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे जिथे जमिनीचे दस्त नोंदवतात तिथे. मावशीला ऐकू कमी येतं, एका डोळ्याला मोतीबिंदू आहे. तिला आठवतं ते एवढंच: कॅमेऱ्यासमोर बसवलं, यंत्रावर अंगठा घेतला, कागदावर शाईचे अंगठे घेतले, साहेबांनी काहीतरी विचारलं आणि याने खांद्यावर हात ठेवून "हो म्हण" सांगितलं. ती हो म्हणाली. ओळख पटवायला उभे होते ते याचेच दोन मित्र. येताना तिला साडी घेऊन दिली.

शेजारणीचा आयडी आला, हिचा येईना, म्हणून ती सेतू केंद्रात गेली. तिथल्या मुलाने गट नंबर टाकून बघितलं आणि म्हणाला, "आजी, तुमच्या नावाला कंस झालाय." म्हणजे सातबाऱ्यावरून नाव कमी झालंय. आपल्याला कोणी लुबाडलंय हे तिला असं परक्या पोराच्या तोंडून कळलं. याचा मला अजून संताप येतो.

मी त्या दस्ताची, म्हणजे हक्कसोडपत्राची, नक्कल काढली. मजकूर नेहमीचाच: कोणाच्याही दबावाला बळी न पडता, कोणताही मोबदला न घेता, मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क कायमचा सोडून देत आहे. खाली 'लिहून देणार' म्हणून मावशीचा अंगठा. माझी मावशी चौथी शिकलीय. बँकेच्या स्लिपवर ती स्वच्छ सही करते. सही करायला दिली असती तर ती दोन ओळी वाचायला थांबली असती, म्हणूनच अंगठा घेतला, असं माझं ठाम मत आहे. वकिलांनी दाव्यात हाच मुद्दा आधी घेतला.

फार्मर आयडी सेतूत किंवा सीएससी केंद्रात निघतो, आधार आणि मोबाईलवरच्या ओटीपीवर. त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या दारात जायचं काहीच कारण नाही. तिथे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ज्याला फायदा होणार त्याच्या एकट्याच्या भरवशावर पाठवू नका. कोणी नेलंच, तर दस्त मोठ्याने वाचून दाखवा म्हणायला शिकवा, नाही कळलं तर "मान्य नाही" म्हणायला शिकवा.

दस्त झाला तरी नाव लगेच जात नाही. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, धरला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. मावशीची नोटीस घरातच परस्पर घेतली गेली, तिच्यापर्यंत आलीच नाही. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की चालू फेरफार दिसतात. महिन्यातून दोनदा तरी बघा. वेळेत लेखी हरकत घेतली तर नोंद तक्रारी, म्हणजे वादातली, ठरते आणि सुनावणीशिवाय मंजूर होत नाही. मंजूर झाली तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील, मुदत 60 दिवस. पण फेरफाराने मालकी ठरत नाही. "नोंद झाली, आता काय उपयोग" म्हणणारे गावात ढीगभर भेटतात, त्यांचं ऐकू नका. फसवून केलेला दस्त दिवाणी न्यायालयात रद्द होऊ शकतो आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो.

ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 आम्हालाही अनेकांनी सुचवलं. ते लागू व्हायला सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिलेली असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये तेच सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने एका आईला मिळकत परत दिली, पण तिथे मुलाने सांभाळाचं लिहून दिलेलं होतं. मावशीच्या दस्तात सांभाळाचा शब्दसुद्धा नाही. तेव्हा ज्यांना मनापासून द्यायचंय त्यांनीही औषधपाणी, जेवणखाण, राहायची खोली हे सगळं दस्तातच लिहून घ्यावं. याच कायद्याने निपुत्रिक ज्येष्ठाला, त्याची मिळकत ज्या नातेवाइकाच्या ताब्यात आहे त्याच्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. तो अर्ज आम्ही प्रांतांकडे दिलाय.

दिवाणी दावाही लावला आणि जमिनीवर वाद चालू असल्याची नोटीस नोंदवली, म्हणजे कोणी परस्पर विकत घेऊ नये. मामेभावाने मावशीच्या खोलीची वीज तोडली. मी म्हटलं, चल पुण्याला. ती म्हणाली, "मी हलले की ताबाबी गेला." वकीलही तेच म्हणाले. आता तिच्या नावावर वेगळ्या मीटरचा अर्ज दिलाय.