‘नस मोकळी करून देतो’ म्हणणाऱ्यांचे डाव

सलाईनची सुई काढून काही दिवस झालेले असतात. मनगटापासून कोपराकडे जाणारी शीर दोरीसारखी टणक झालेली असते, लाल दिसते, गरम लागते. अंगठ्याच्या मागच्या बाजूला आग होते, मुंग्या येतात. अशा माणसाला गाठून काही मालिशवाले ‘नस दबलीय, दहा बैठकांत मोकळी करतो’ असं सांगतात आणि सगळे पैसे आगाऊ घेतात.

त्यांचं फावतं ते ‘नस’ या शब्दामुळे. आपण रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे मूळ बिघाड शिरेत असतो: ती सुजते, आत गुठळी धरते. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूची शीर आणि रेडियल नर्व्ह या हाताच्या मज्जातंतूची वरवरची शाखा अगदी लगत असतात, म्हणून ती सूज तंतूला चेपते. ही शाखा फक्त त्वचेच्या संवेदनेची. तिच्यामुळे हातातली ताकद जात नाही. वस्तू हातातून सुटत असतील तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

पहिला डाव म्हणजे शिरेवर बोट दाबणं. झिणझिण्या अंगठ्यापर्यंत जातात आणि रुग्णाला वाटतं, यांना बरोबर सापडलं. चिडलेल्या तंतूवर कुणीही दाबलं तरी हेच होतं! मग तळहातात धरायचं यंत्र येतं, ‘ब्लॉकेज’च्या टक्केवारीचा छापील कागद निघतो. गुठळी अशी कळत नाही. डॉपलर सोनोग्राफीत त्वचेवर टेकवायचा प्रोब दाबल्यावर निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. तंतूसाठी नर्व्ह कंडक्शन तपासणी असते, म्हणजे त्यातून संदेश नीट जातो का ते बघणं.

खरं नुकसान मालिशने होतं. सुजलेली शीर रगडली की दुखणं वाढतं, गुठळी सरकण्याचा धोका असतो. तिथे चिरे देऊन रक्त काढलं तर जंतुसंसर्गाला वाट मिळते.

चीड येते ती याची, की हा त्रास बहुतेकदा कोमट शेक, हात उंच ठेवणं आणि डॉक्टरांनी दिलेलं सूज उतरवणारं औषध एवढ्यानेच काही आठवड्यांत ओसरतो. टणकपणा मात्र काही महिनेही राहू शकतो. दहावी बैठक नेमकी त्रास ओसरायच्या सुमारास येते आणि श्रेय मालिशवाला घेतो. टणकपणा दाखवून पुढच्या दहा बैठकांचे पैसेही मागतो.

ताप, पू, पूर्ण हाताला सूज, दम लागणं किंवा छातीत दुखणं यांपैकी काहीही दिसलं तर शेक देत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.