ई-रीडरवर अ‍ॅप: एडीबीने की फाइल कॉपी करून?

एडीबी म्हणजे कॉम्प्युटरवरून आज्ञा देऊन अँड्रॉइड उपकरण हाताळायचं साधन. अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-रीडरपुरताच हा प्रश्न आहे. इतरांवर एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, चालतच नाही.

तयारी कॉपीच्या वाटेने कमी. एपीके केबलने आत टाका, फाइल मॅनेजरमधून उघडा, अनोळखी स्रोताची परवानगी द्या. एडीबीसाठी आधी सहसा सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर 7 वेळा टॅप करून डेव्हलपर पर्याय उघडावे लागतात आणि त्यात यूएसबी डीबगिंग (कॉम्प्युटरला आज्ञा देऊ देणारी सोय) चालू करावं लागतं. कॉम्प्युटरवर ‘एडीबी डिव्हायसेस’ ही आज्ञा दिल्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी रिकामी आली, तर केबल बहुधा फक्त चार्जिंगची असते. ‘अनऑथराइज्ड’ दिसलं, तर ई-रीडरच्या स्क्रीनवर परवानगी द्यायची राहिलेली असते.

खरा फरक अडल्यावर कळतो. फाइल मॅनेजर बहुतेकदा ‘इन्स्टॉल झालं नाही’ एवढंच सांगतो. एडीबी मात्र कारण देतं: ‘ओल्डर एसडीके’ म्हणजे ई-रीडरचं अँड्रॉइड त्या अ‍ॅपसाठी जुनं, ‘नो मॅचिंग एबीआय’ म्हणजे प्रोसेसर जुळत नाही. अनेक फाइलींच्या तुकड्यांत आलेली एपीके एडीबीच्या ‘इन्स्टॉल-मल्टिपल’ आज्ञेने एकत्र बसते. साध्या फाइल मॅनेजरला ते सहसा जमत नाही.

एकदोन अ‍ॅपना कॉपी पुरे. ई-रीडरमध्ये फाइल मॅनेजरच नसेल किंवा अ‍ॅप बसताना अडत असेल, तर एडीबीच घ्या. काम झालं की डीबगिंग आठवणीने बंद करा.