मिनी लेथच्या ॲक्सेसरीज: कशाने खरंच फरक पडतो आणि काय नुसतंच चकचकीत

७ बाय १०, ७ बाय १२, ७ बाय १४ या नावांनी टेबलावर बसणारे जे छोटे लेथ (धातू फिरवत ठेवून टूलने कापणारी मशीन) मिळतात त्यांच्यासाठी ॲक्सेसरीजचा नुसता महापूर आलाय. नवीन माणूस लेथ घेतो की लगेच क्विक चेंज टूल पोस्ट (टूल झटपट बदलता येणारा धारक), मोठा चक (जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, पकडणारा भाग), डीआरओ (किती सरकलं ते दाखवणारा डिजिटल डिस्प्ले), कार्बाइड टूलचा सेट असं सगळं एका दमात मागवतो आणि मग पहिल्याच पार्टिंगला (तुकडा कापून वेगळा करताना) जॉब किंचाळायला लागला की लेथलाच नावं ठेवतो. मी यातल्या बऱ्याच गोष्टी लावून, काढून, परत लावून बघितल्यात आणि माझं मत आता पक्कं झालंय, की या लेथची प्रकृती तोळामासा आहे, त्यामुळे कुठलीही वस्तू घेण्याआधी एकच बघायचं: टूलच्या टोकावर येणारा जोर बेडपर्यंत (लेथच्या खालच्या सरळ पायापर्यंत) पोचताना वाटेत किती सांधे लागतात, आणि ही नवीन वस्तू त्यातला एखादा सांधा घट्ट करते की उलट अजून एक वाढवते.

सगळ्यात पहिले गिब (सरकत्या भागातली फट भरणारी पट्टी), ज्याला खर्च जवळपास शून्य आहे. कॅरेजच्या (टूल घेऊन बेडवरून सरकणारा भाग) खाली ज्या दोन पट्ट्या असतात, ज्या कॅरेजला बेडवरून वर उचलू देत नाहीत, त्या फॅक्टरीतून कशाही बसवलेल्या असतात. काही बोल्ट पट्टी वर ओढतात आणि काही ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) तिला खाली ढकलतात, त्यामुळे पट्टी वाकडी होते, एका टोकाला घासते आणि दुसऱ्या टोकाला मोकळी राहते. यावरचा उपाय म्हणजे काचेवर वॉटर पेपर ठेवून त्या पट्ट्या सपाट घासायच्या, ग्रब स्क्रू बाजूला ठेवायचे आणि पट्टी आणि कॅरेजच्या मधे मोजून शिम (पातळ पत्रा) घालून बोल्ट पूर्ण आवळायचे. कॅरेज हाताने सरकली पाहिजे पण टूल पोस्ट धरून वर उचलायला गेलं तर हलता कामा नये. क्रॉस स्लाइड (कॅरेजवर आडवी सरकणारी) आणि तिच्यावरच्या कंपाउंडच्या (कोनात वळवता येणारी छोटी स्लाइड) गिबला ग्रब स्क्रूचं टोक जिथे टेकतं तिथे ड्रिलने छोटासा खळगा करून घ्या, नाहीतर हँडल उलटं फिरवलं की गिब मागेपुढे सरकते आणि केलेलं ॲडजस्टमेंट निघून जातं. हे काम कंटाळवाणं आहे पण हे केल्याशिवाय पुढची एकही वस्तू घेऊ नका असं मी अगदी मनापासून सांगतो, कारण ढिल्या कॅरेजवर कितीही महागडं टूल लावलं तरी ते हलणारच.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते या लेथसाठी सगळ्यात जास्त फायद्याची, ती म्हणजे कंपाउंड काढून त्याजागी भरीव ठोकळा. बीड किंवा पोलादाचा चौकोनी ठोकळा, कंपाउंडच्याच उंचीचा, चार बोल्टने थेट क्रॉस स्लाइडवर बसवायचा आणि त्याच्यावर टूल पोस्ट. कंपाउंड म्हणजे या लेथमधला सगळ्यात अशक्त सांधा, एक तर स्लाइड लहान, त्यात फिरणारं बूड, त्यात गिब पातळ. ते गेलं की पार्टिंग करताना आवाजच बदलतो, जिथे आधी माइल्ड स्टीलवर ब्लेड उड्या मारायचं तिथे चिप लांब सुरळी होऊन शांतपणे बाहेर यायला लागते. फिनिश पण सुधारतं आणि कट थोडा जास्त खोल घेता येतो.

पण यात काय जातं ते पण ऐका. टेपर (हळूहळू कमी होत जाणारा व्यास) कापायचा असेल तर कंपाउंड परत बसवावं लागतं, तसंच आटे पाडताना २९ अंशात टूल आत नेण्याची सोय जाते, अर्थात बारीक पिचचे आटे सरळ आत जाऊन पण चांगले पडतात. अजून एक छान युक्ती जाते, कंपाउंड बेडच्या रेषेपासून साधारण ५.७ अंशावर वळवलं तर कंपाउंडला ०.१० मिमी दिलं की टूल फक्त ०.०१ मिमी आत जातं, म्हणजे व्यासात ०.०२, आणि बेअरिंगची फिट साधताना हे फार कामाला येतं. आणि तिसरं म्हणजे लांबीच्या दिशेने बारीक माप द्यायला कंपाउंडच वापरतात, कारण बऱ्याच लेथला कॅरेजच्या मोठ्या चाकावर डायलच नसते, ते गेलं की कॅरेजला एखादा मायक्रोमीटर स्टॉप किंवा स्केल लागणारच. म्हणून मी म्हणतो ठोकळा असा बनवा की चार बोल्ट सोडले की कंपाउंड लगेच परत बसेल.

आता क्विक चेंज टूल पोस्ट, जो सगळ्यांना पहिल्यांदा हवा असतो. या लेथला साधारण ओएक्सए साइज बसते, त्याच्या वरची साइज घेतली तर टूल सेंटर हाइटला (स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, मधल्या रेषेच्या उंचीला) खाली आणता येत नाही, म्हणून घ्यायच्या आधी कंपाउंडच्या वरच्या सपाटीपासून स्पिंडलच्या सेंटरपर्यंतची उंची मोजूनच घ्या. पिस्टनवाला आणि वेजवाला असे दोन प्रकार, वेजवाला होल्डरला डोव्हटेलमधे (तिरक्या कडांच्या खाचेत) ओढून धरतो आणि पिस्टनवाला ढकलून धरतो, वेजवाल्यात होल्डर काढून लावल्यावर जागेवर येणं जास्त भरवशाचं. हा पोस्ट वेळ भरपूर वाचवतो, शिम शोधत बसणं संपतं, सेंटर हाइट एकदा नटने लावली की ती तशीच राहते. पण लेथ याने मजबूत होत नाही हे लक्षात ठेवा, उलट टूल मूळ चौकोनी पोस्टपेक्षा थोडं जास्त बाहेर लटकतं. मूळ चार टूलवाला पोस्ट कटकटीचा असला तरी मजबुतीला चांगलाच असतो. माझं मत विचाराल तर घ्या, नक्की घ्या, फक्त ठोकळ्याच्या नंतर घ्या, आणि पोस्टसोबत जास्तीचे होल्डर घ्या, कारण दोन होल्डरमधे टूल बदलत बसायचं असेल तर मग क्विक काय राहिलं त्यात.

टूलबद्दल थोडं. कार्बाइड इन्सर्टचे (बदलता येणारे छोटे कापणारे तुकडे) जे तयार सेट येतात त्यातले सीसीएमटी इन्सर्ट या लेथला तसे जडच जातात, त्यांची धार मुद्दाम किंचित बोथट ठेवलेली असते आणि त्यांना दाब लागतो, जो द्यायची या मशीनची ताकद नाही. त्याच होल्डरमधे सीसीजीटी लावून बघा, जे ॲल्युमिनियमसाठी धारदार पॉलिश केलेले येतात, आणि टोकाची गोलाई ०.४ किंवा शक्यतो ०.२, फरक लगेच दिसतो, आणि स्टीलवरसुद्धा हलका फिनिश कट ते मस्त घेतात. आणि एचएसएसचा (हायस्पीड स्टीलचा) बिट ग्राइंडरवर स्वतः घासून ऑइल स्टोनवर धार काढलेला, तो तर छोट्या लेथवर आजही राजा आहे. टँजेन्शियल होल्डर मला खूपच आवडला, कारण त्यात टूलचा फक्त वरचा एकच चेहरा घासायचा असतो, सोबत येणाऱ्या जिगमधे धरून, आणि टर्निंग (व्यास कापणं) आणि फेसिंग (टोक सपाट कापणं) दोन्ही त्याच धारेवर होतं.

चकबद्दल बोलायचं तर ८० मिमीचा थ्री जॉ (तीन जबड्यांचा) सोबत येतो आणि बरेच लोक १०० मिमीवर उडी मारतात. त्यासाठी मधे ॲडाप्टर प्लेट लागते, म्हणजे चक बेअरिंगपासून अजून लांब जातो आणि वजनही वाढतं, वर जॉ बाहेर आलेले असले की कॅरेजला किंवा बेडला आपटायची भीती, म्हणून मोठा चक लावला की चालू करायच्या आधी हाताने एक फेरा फिरवून बघायचाच. पकड चांगली मिळते हे खरं, पण मी त्याच्या आधी फोर जॉ इंडिपेंडंट (चारही जबडे वेगवेगळे फिरवता येणारा) सांगेन. थ्री जॉचा रनआउट (जॉब मधोमध न फिरण्याची चूक) आहे तो आहे, पण फोर जॉमधे डायल गेज लावून जॉब पाहिजे तेवढा खरा करता येतो आणि चौकोनी, वेडावाकडा, मुद्दाम सेंटरबाहेर धरायचा असा कुठलाही जॉब धरता येतो. सुरुवातीला जॉब सेंटर करायला वेळ जातो, मग समोरासमोरचे दोन जॉ एकाच वेळी दोन चाव्यांनी फिरवायची सवय झाली की पटकन होतं.

कोलेट चक (चिरा पाडलेली नळी, म्हणजे कोलेट, आवळून जॉब धरणारा) मात्र माझ्या सगळ्यात आवडीची वस्तू. ईआर३२ (कोलेटची एक साइज) घ्या आणि थेट स्पिंडलच्या फ्लँजवर बोल्टने बसणारा घ्या. एमटी३ (मोर्स टेपर क्र. ३) टेपरवाला स्वस्त आणि सोपा असतो पण तो ड्रॉबारने (मागून लावलेल्या लांब बोल्टने) ओढून धरावा लागतो आणि मग स्पिंडलच्या आरपार भोकाचा उपयोग जातो. फ्लँजवाल्यात लांब सळई मागून आत जाते, ईआर३२ ची मजल २० मिमीपर्यंत आणि या लेथचं स्पिंडलचं भोक पण साधारण तेवढंच, जोडी एकदम जमते. कोलेट आधी नटमधे खटकन बसवायचा आणि मगच नट चकला लावायचा, सुटा कोलेट आत टाकून वरून नट फिरवला तर तो वाकडा बसतो आणि काढताना अडकतो. प्रत्येक कोलेट साधारण १ मिमी आवळतो, त्याच्या पुढे दाबू नये. जॉब अगदी आखूड असेल तर कोलेटच्या मागच्या बाजूला त्याच व्यासाचा तुकडा घाला, नाहीतर कोलेट पुढेच चिमटतो आणि जॉब डुगडुगतो. जॉ फिरत नसल्यामुळे हाताजवळचं कामही जास्त निर्धास्त होतं आणि पॉलिश केलेल्या जॉबवर जॉचे वण उठत नाहीत.

टेलस्टॉकला (जॉबच्या मोकळ्या टोकाकडचा सरकता आधार) कॅम लॉक लावा, बस. मूळ लेथला टेलस्टॉक घट्ट करायला पाना घेऊन नट फिरवावा लागतो आणि ड्रिल, सेंटर, टॅप करताना हे इतक्यांदा होतं की वीट येतो. एक विकेंद्री (एक्सेंट्रिक) दांडा आणि एक हँडल, लेथवरच बनवता येतं, पहिला प्रोजेक्ट म्हणून झकास. तसंच कॅरेज लॉक, एक बोल्ट आणि खाली एक पट्टी, फेसिंग आणि पार्टिंगला कॅरेज मागे ढकलली जात नाही.

डीआरओ हवा की नको यावर लोक हिरीरीने भांडतात. माझं म्हणणं असं की क्रॉस स्लाइडला तो खरंच उपयोगी आहे, कारण तो स्क्रूचा बॅकलॅश (दिशा बदलताना येणारा ढिलेपणा) बाजूला ठेवून थेट स्लाइड किती सरकली ते सांगतो, आणि काही लेथला स्क्रू १ मिमी पिचचा पण डायलवर ४० घरं आणि प्रत्येक घर एक थाउ (इंचाचा हजारावा भाग) असं लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात ते ०.०२५ मिमी असतं, म्हणजे जवळपास दीड टक्क्याची चूक डायलमधेच. पण कॅलिपरच्या जातीचे स्वस्त स्केल पाणी, कूलंट लागलं की वेडेवाकडे आकडे दाखवतात, मॅग्नेटिक स्केल त्याबाबतीत खूपच समंजस. आणि आधी बघा की स्केल लावल्यावर टेलस्टॉक जॉबच्या जवळ येतोय ना, बऱ्याचदा तिथेच अडतं.

मेटल गिअर? हेडस्टॉकमधले (स्पिंडल धरणाऱ्या भागातले) प्लॅस्टिकचे गिअर तुटतात म्हणून लोक लोखंडी टाकतात. मी मात्र प्लॅस्टिकचेच ठेवून एक जोड जास्तीचा ठेवावा या मताचा आहे, कारण टूल अडकलं की आधी तो स्वस्त गिअर जातो आणि मोटर, कंट्रोल बोर्ड वाचतात. लोखंडी गिअरचा आवाजही भरपूर येतो. चेंज गिअर (आट्यांची पिच बदलायचे) लोखंडी घातले तर हरकत नाही.

स्पिंडल बेअरिंग हे सगळ्यात शेवटी. मूळ ६२०६ असतात, साधे छर्रेवाले. त्याजागी ३०२०६ टेपर रोलर बसतात पण त्यांची रुंदी १७.२५ मिमी आणि ६२०६ ची १६, म्हणजे स्पेसर कापून घ्यावे लागतात, वर ते उघडे असल्यामुळे बुरा आत जाणार नाही याची व्यवस्था करावी लागते. ७२०६ अँग्युलर कॉन्टॅक्ट मापाला तंतोतंत तेच आहेत, काहीच कापायला नको, फक्त दिशा बरोबर बसवा, उलटी बसली तर प्रीलोड (आवळून दिलेला आगाऊ दाब) येतच नाही. प्रीलोड देऊन थोडा वेळ चालवा, हेडस्टॉक कोमट झाला तर ठीक, हात ठेववेना इतका तापला तर नट सैल करा. फरक पडतो, विशेषतः फिनिशमधे, पण गिब आणि ठोकळा केलेला नसेल तर तो फरक दिसणारच नाही.

मोटर आणि कंट्रोल बोर्डाशी खेळणाऱ्यांना एकच विनंती, या डीसी बोर्डांचा मेन्सपासून बऱ्याचदा आयसोलेशन (विद्युत विलगीकरण) नसतो, त्यामुळे चालू असताना आत हात किंवा साधा ऑसिलोस्कोप लावू नका आणि इमर्जन्सी स्टॉप बायपास करू नका.

आणि हे सगळं झाल्यावर एक फुकटातली वस्तू बनवा, स्पिंडलला मागून लावायचं हाताचं हँडल. एक दांडा, त्याच्या टोकाला चीर आणि आत पाचर, बोल्ट आवळला की दांडा फुगून स्पिंडलच्या भोकात घट्ट बसतो. खांद्यापर्यंत आटे पाडायचे असले, किंवा बारीक भोकात टॅप चालवायचा असला की मोटरऐवजी हाताने फिरवायचं, जोर हाताला कळतो, नेमकं पाहिजे तिथे थांबता येतं, छोट्या पिचला तर मी मोटर लावतच नाही. फक्त हँडल आत असताना मशीनची पिन सॉकेटमधून काढून समोर टेबलावर दिसेल अशी ठेवायची, नुसत्या स्विचवर भरवसा ठेवायचा नाही, कारण चुकून चालू झालं तर ते हँडल मनगट मोडेल.